चीनमध्ये राहायला जाताय? आधी फोन तयार करा

पूर्णा जंक्शनबाहेर चहाचे पैसे आपण क्यूआर स्कॅन करून देतो. चीनमध्येही तसंच आहे, पण तिथे आपलं यूपीआय चालत नाही. शेन्झेनला कामासाठी आल्यावर मला उपयोगी पडलेल्या टिप्स:

1. पेमेंट: अलीपेमध्ये पासपोर्टने पडताळणी करून इंटरनॅशनल व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. 200 युआनपर्यंत फी नाही, त्यापुढे 3 टक्के.

2. वीचॅट: भारतात 2020 पासून बंदी आहे. म्हणून चीनमध्ये पोहोचल्यावर वीचॅटच्या अधिकृत साइटवरून घ्या. तिथल्या नेटवर प्ले स्टोअर उघडत नाही.

3. भारतीय सिम: बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो; तो आला नाही तर कार्ड असूनही पैसे अडकतात. रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल सहसा चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत जातो. लोकल सिमवर दोन्ही ब्लॉक असतात.

4. नोंदणी: 24 तासांत पोलिसांकडे पत्ता नोंदवा. हॉटेलवाले स्वतः करतात; भाड्याच्या घरात राहणार असाल तर तुम्हालाच करावी लागते.

5. इमर्जन्सी: पोलीस 110, अ‍ॅम्ब्युलन्स 120. घरचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये सेव्ह ठेवा.

कोणी मित्र निघाला असेल तर त्याला हे नक्की पाठवा.