युकुलेली व मायनर ब्लूज
युकुलेली हे गिटारच्या जातीचे, चार तारांचे लहान छेडवाद्य होय. त्याच्या सोप्रानो या रूढ प्रकाराची लांबी सु. ५३ सेंमी. असते. त्याचे मूळ पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरील माशेते या वाद्यात आढळते. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आलेल्या चारशेहून अधिक मादेइरावासीयांना घेऊन ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलूलू बंदरात पोहोचले. त्यातील मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास व जोझे दो एस्पिरितो सांतो या कारागिरांनी पुढे होनोलूलूत वाद्यनिर्मिती सुरू केली. स्थानिक कोआ लाकूड आणि राजा कालाकाउआ (कार. १८७४–९१) याचा आश्रय यांमुळे हे वाद्य लवकरच हवाईयन मानले जाऊ लागले.

हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथविण्यात आले व १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. सॅन फ्रॅन्सिस्को येथील १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर युकुलेली अमेरिकेत घरोघर पोहोचली. छापील गीतांवर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या, आकृत्या १९२० नंतरच्या दशकात येऊ लागल्या. त्याचे श्रेय मे सिंघी ब्रीन या वादिकेला दिले जाते. या आकृत्यांमुळे स्वरलेखन न जाणणाऱ्यालाही साथ करता येऊ लागली.

ब्लूजची वाट वेगळी होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून व धार्मिक गायनातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेली ही परंपरा मुख्यतः ऐकून शिकली जाई. डब्ल्यू. सी. हँडी याच्या ‘सेंट लुईस ब्लूज’ (१९१४) या रचनेत मेजर स्वरांच्या भागांबरोबर मायनर स्वरांचाही एक भाग आहे. संपूर्ण मायनर ब्लूजचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे बी. बी. किंगने १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘द थ्रिल इज गॉन’. युकुलेलीही या परंपरेस परकी राहिली नाही. मेंफिसची लॉरा ड्यूक्स बँजो-युकुलेलीवर, तर व्हर्जिनियाचा लुईस ‘रॅबिट’ म्यूज युकुलेलीवर ब्लूज वाजवीत असे.

मायनर ब्लूजला हे वाद्य विशेष अनुकूल आहे. त्याच्या मोकळ्या तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. हे चार स्वर म्हणजेच ‘ए मायनर सेव्हन’ ही कॉर्ड. एला षड्ज मानल्यास ए, सी, डी, ई, जी हे सा, कोमल ग, म, प, कोमल नी असे धानी रागाचे स्वर होतात. त्यांपैकी केवळ मध्यम मोकळ्या तारांत नाही. तो सी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मिळतो. तिसऱ्या पडद्यावरील तीव्र मध्यम हा ब्लूजचा खास स्वर होय.

एका आवर्तनात चार-चार मात्रांचे १२ खंड असतात. पहिल्या चार खंडांत ए मायनर, पाचव्या-सहाव्यात डी मायनर, सातव्या-आठव्यात पुन्हा ए मायनर, नवव्यात एफ, दहाव्यात ई सेव्हन व अखेरच्या दोन खंडांत ए मायनर असा एक प्रचलित क्रम आहे. ई सेव्हनमधील शुद्ध निषाद षड्जाची ओढ निर्माण करतो व त्यामुळे आवर्तनाची समाप्ती जाणवते. मंद्र स्वरांचा अभाव ही वाद्याची मर्यादा आहे. म्हणून कॉर्ड थोडक्यात तोडून, लय ठसठशीत ठेवून वाजविणे इष्ट ठरते.

पडदे कोठे दाबावेत, हे आकृतीवरून कळते. ब्लूजचा गंधार नेमका कोठे लागतो, हे कळत नाही. तो दोन पडद्यांच्या मधला असतो आणि सतारीच्या मींडेप्रमाणे तार ओढून साधावा लागतो. त्यामुळे छापील आकृत्यांनी युकुलेली लाखो हातांत दिली असली, तरी मायनर ब्लूज शिकू पाहणाऱ्यास जुन्या गायक-वादकांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचे ओघ प्रथम गळ्यावर व मग तारेवर आणण्याचा मूळ मार्गच स्वीकारावा लागतो.