स्लॅब किती वजनाचा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावं जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, माणसं गाढ झोपेत. दहा हजारांच्या आसपास जीव गेले. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं छप्परच अंगावर आलं.

किल्लारीला 1992 मध्येही हादरे बसले होते. तेव्हा लोक अंगणात झोपायचे. पुढे भीती चेपली आणि ‘काही होत नाही’ म्हणत सगळे पुन्हा आत गेले. पोरांनी हे ऐकलं होतं. भूकंपानंतर मोठ्यांच्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

मी तेव्हा उमरगा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. रस्त्यानं ट्रक धडधडत गेला की अख्खा वर्ग पाट्या टाकून बाहेर. मधल्या सुट्टीत दुसरीतली एक मुलगी खड्यांचं घर रचायची, आत काड्या निजवायची, हाताच्या फटक्यानं घर पाडायची आणि काड्या उकरून मोजायची. रोज तेच. हसू कधी नाही.

असा खेळ तिचा एकटीचा नव्हता. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात 26 मुलांचं शाळेच्या बससकट अपहरण झालं, त्यांना खाणीत पुरलेल्या ट्रकमध्ये कोंडलं गेलं. मुलं सुटली. लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पुढे कित्येक वर्षं त्यांचा मागोवा घेतला; असाच आनंद नसलेला, पुन्हापुन्हाचा खेळ त्यांनी नोंदवला. हे मी फार उशिरा वाचलं. तेव्हा आमच्याकडे मदतीच्या ट्रकमधून बिस्किटं आणि घोंगड्या आल्या. पोरांच्या धास्तीवर मीठमोहऱ्या आणि अंगारा. त्याला मी हसणार नाही. निदान पोराला मांडीवर घेऊन कुणीतरी ‘भ्यालंय’ एवढं तरी कबूल करत होतं.

सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त गावांतली सुमारे 1,200 मुलं पुण्याला नेली. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ अशाच मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. मुलांना मातीपासून तोडू नये, असा वाद तेव्हा झाला. मला वाटतं, तिथल्या मुलांना निदान तीच रात्र पाहिलेली शेजारची कॉट मिळाली. आई गेलेली, बाप उरलेला, अशी गावातच राहिलेली पोरं मात्र कुणाच्याच यादीत नव्हती.

पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घर ताब्यात देताना सातवीतल्या एका पोरानं इंजिनिअरला विचारलं, “साहेब, स्लॅब किती वजनाचा?”

“काही होत नाही रे.”

“तसं तर मागंबी म्हणले होते.”

इंजिनिअर भला माणूस. खाली बसला, कागदावर गज, कॉलम, बीम काढून सगळं समजावलं. पोरगा चार-सहा दिवसांत आत झोपायला लागला. त्याच्या आजीला कुणी चित्र काढून दाखवलं नाही. तिची बाज पावसाळ्यापर्यंत अंगणातच होती.