चर्चची इमारत वाढवायची तर पैसा येतो कुठून?

"चर्चला काय कमी, व्हॅटिकनमधून पैसे येतात." चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण वसई किंवा वांद्र्यातल्या एखाद्या चर्चला नवा सज्जा किंवा मोठं सभागृह बांधायचं असेल, तर बहुतेक खर्च तिथल्याच लोकांच्या खिशातून येतो. उलट जूनच्या अखेरीस सेंट पीटरच्या सणाच्या सुमारास जगभरच्या चर्चमधून एक वर्गणी थेट पोपकडे जाते. मिशन क्षेत्रांतल्या धर्मप्रांतांना रोमकडून काही मदत मिळते, हे खरं. पण त्या भरवशावर कोणी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देत नाही.

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे नोंदणीकृत कॅथलिकांच्या आयकरावर राज्यानुसार ८ किंवा ९ टक्के 'चर्च कर' लागतो आणि तो सरकारच गोळा करून देतं. भारतात असं काही नाही. इथे रविवारच्या मिस्सेत फिरणारी थैली, सणाच्या दिवशीचे स्टॉल, हाउझी, लकी ड्रॉ आणि घरोघरी जाऊन घेतलेली वर्गणी यांवरच भिस्त. अमेरिकेत मोठ्या कामासाठी कुटुंबांकडून 'पुढची तीन ते पाच वर्षं दरमहा इतके देऊ' असं लेखी वचन घेतात. आपल्याकडेही हप्त्यांची पद्धत असते, फक्त तिला इतकं भारदस्त नाव नसतं.

फादर ठरवतील तेच होतं का? तर नाही. पॅरिशला मराठी कॅथलिक 'धर्मग्राम' म्हणतात. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावीच लागते. नेहमीच्या कारभारापलीकडच्या खर्चाला वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि नवं चर्च बांधायचं तर बिशपची लेखी संमती. ती देण्याआधी बिशपने शेजारच्या चर्चच्या प्रमुखांचंही मत घ्यायचं असतं आणि बांधकामाला पैसा कमी पडणार नाही याची खात्री करायची असते. अर्धवट सांगाडे पाहिलेल्या कोणालाही हा नियम का आहे ते लगेच कळेल.

देणगीदारासाठी त्याच कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : ज्या कामासाठी पैसे दिले, त्याच कामासाठी ते वापरायचे. सभागृहासाठी जमलेल्या निधीतून परस्पर फादरांच्या निवासाचं छत बदलता येत नाही. लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेबही लोकांसमोर ठेवायचा असतो. तेव्हा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, तो हक्कच आहे. शिवाय बिशप आणि वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय कोणा खासगी व्यक्तीने चर्चच्या नावाने पैसे गोळा करण्याला मनाई आहे. म्हणून 'चर्च बांधकामाला मदत करा' म्हणत एखादा क्यूआर कोड फॉरवर्ड झाला, तर खातं धर्मग्रामाच्या नावावर आहे की कोणाच्या वैयक्तिक, हे आधी पाहावं.

आता सरकारी बाजू. ट्रस्टसाठी कर्ज काढायचं किंवा ट्रस्टची जमीन विकायची, तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. '८०-जी'ची करसवलत मिळेलच असं धरून चालू नये. केवळ एका धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थांना ती सहसा मिळत नाही. केंद्राने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा ख्यातनाम प्रार्थनास्थळांची दुरुस्ती आणि नूतनीकरण एवढाच अपवाद, आणि तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

खरी गुंतागुंत परदेशी नातेवाइकांची. दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारक भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम 'विदेशी देणगी' ठरत नाही. त्याच घरातल्या, कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीची देणगी मात्र ठरते. तिच्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. ख्रिसमसला घरी आलेल्या बहिणीने कौतुकाने हातात ठेवलेलं डॉलरचं पाकीटही याच नियमात अडकतं.

चर्च पैशाबाबत इतकं काटेकोर का, याची मुळं एका बांधकामातच आहेत. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाची पायाभरणी १५०६ मध्ये झाली. पुढे पोप दहावे लिओ यांनी तिच्या खर्चासाठी 'इंडल्जन्स', म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं, देणगीच्या बदल्यात वाटू दिली. जर्मनीत जमलेल्या पैशातला निम्मा वाटा तर आर्चबिशप आल्ब्रेख्त यांचं फुगर सावकारांचं कर्ज फेडण्यात गेला. लोकांना मात्र सांगितलं होतं बॅसिलिकेचं नाव. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी ९५ मुद्दे मांडले, त्यात पोप एवढे श्रीमंत असताना ते स्वतःच्या पैशाने का बांधत नाहीत, हाही सवाल होता. युरोपातलं ख्रिस्ती जग दुभंगलं. १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या बदल्यात इंडल्जन्स देणं बंद केलं.

बॅसिलिका पूर्ण होऊन तिचा अभिषेक झाला तो १६२६ मध्ये, पायाभरणीनंतर १२० वर्षांनी. आजही बाकावर किंवा खिडकीवर देणगीदाराचं नाव कोरता येतं, पण मिस्सा किंवा बाप्तिस्मा विकता येत नाही. ऐपत नाही म्हणून कोणाला संस्कार नाकारताही येत नाही.