फ्रीकॅडमध्ये वाकवलेली सळई: मधल्या रेषेपासून सुरुवात

पॅरामेट्रिक कॅडमध्ये आकार मापांना बांधलेला असतो. माप बदललं की आकार बदलतो. वाकवलेल्या सळईत कोणती मापं बांधायची, हाच खरा प्रश्न असतो. उत्तर: व्यास, आतली त्रिज्या आणि सरळ भागांची लांबी. बाकी सगळं यातूनच निघायला हवं.

पिंपळगाव बसवंत परिसरात द्राक्ष, टोमॅटोला ठिबक असतंच. समजा, 16 मिमीची नळी जमिनीला धरून ठेवणारी यू पिन 6 मिमी सळईची करायची आहे. आतली त्रिज्या 9 मिमी, दोन्ही पाय सरळ 150 मिमी. सळई वाकते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधल्या रेषेची लांबी जवळपास तेवढीच राहते. त्या रेषेची त्रिज्या 9 + 3 = 12. म्हणजे कापायची लांबी 300 + (3.1416 × 12) = 337.7 मिमी. हीच बाहेरच्या कडेने मोजली तर 347.1 येते. फरक एका पिनेत किरकोळ वाटतो, पण हजार पिनांना साधारण साडेनऊ मीटर सळई जास्त कापली जाते, आणि पायही लांब होतात ते वेगळंच.

आता मॉडेल. स्प्रेडशीटमध्ये तिन्ही मापांना नावं द्या. एका स्केचमध्ये रेषा, अर्धवर्तुळ, रेषा असा फक्त मार्ग काढा. जोडांवर टॅन्जंट कन्स्ट्रेंट हवाच, नाहीतर तिथे कोपरा येतो. अर्धवर्तुळाच्या त्रिज्येत आकडा टाकू नका, ‘आतली त्रिज्या + व्यास/2’ हे सूत्र टाका. मार्गाच्या टोकाशी, त्याला काटकोनातल्या प्रतलावर वर्तुळाचं दुसरं स्केच करा आणि ‘ॲडिटिव्ह पाइप’ने ते मार्गावरून फिरवा. उद्या 8 मिमी सळई घ्यायची ठरली तर एकच सेल बदला: त्रिज्या 13 होते, लांबी 340.8.

कापायची लांबी मार्गाच्या स्केचमधूनच वाचता येते. फक्त ती त्याच स्प्रेडशीटमध्ये आणू नका: स्केच शीटवर आणि शीट स्केचवर अवलंबून, असं चक्र तयार होतं आणि फ्रीकॅड एरर देतं. त्यासाठी वेगळी शीट ठेवा.

एक गोष्ट मॉडेलमध्ये दिसत नाही. वाकवून सोडल्यावर सळई थोडी मागे उघडते. किती, ते मालावर अवलंबून असतं. त्यामुळे हजार तुकडे कापण्याआधी वर्कशॉपमध्ये एक पिन वाकवून मोजा.