तक्रार खरी होती

१८७२ च्या वसंतात झान शिंगहोंग या ग्वांगडाँग प्रांतातल्या गृहस्थाने चिनी सरकारला एक हमीपत्र लिहून दिले. कागद लहानसा आहे. माझा मुलगा तियानयू याला मी राजीखुशीने अमेरिकेस यंत्रविद्या शिकायला पाठवत आहे. परत आल्यावर सरकार नेमील ते काम तो करील. परदेशात राहून धंदा करणार नाही. आजारपण आले, मरण आले, तर ते ज्याच्या त्याच्या दैवाचे. पुढे मुलाची ओळख पटावी म्हणून वर्णन : वय १२, बांधा मध्यम, चेहरा गोल व गोरा. शेवटी पणजोबा, आजोबा, वडील अशी तीन पिढ्यांची नावे. वय चिनी रीतीने मोजले आहे. आपल्या हिशेबाने मुलाचे अकरावे वर्ष जेमतेम भरत आले होते.

अशी १२० मुले दरवर्षी ३० प्रमाणे १८७२ ते १८७५ या चार वर्षांत अमेरिकेला गेली. त्यांपैकी ८४ एकट्या ग्वांगडाँगची. झेंग ग्वोफान आणि ली होंगझांग या दोन बड्या प्रांताधिकाऱ्यांनी दरबाराकडून मंजुरी मिळवली होती. प्रत्येक मुलाने १५ वर्षे शिकायचे होते आणि सगळ्या योजनेसाठी २० वर्षांत मिळून १२ लाख ताएल चांदीचा खर्च धरला होता. कल्पना मात्र युंग विंग यांची. मकावजवळच्या खेड्यातला हा मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेतून १८४७ मध्ये अमेरिकेला पोचला, १८५४ मध्ये येलचा पदवीधर झाला आणि मायदेशी परतल्यावर वर्षानुवर्षे हीच एक गोष्ट अधिकाऱ्यांच्या गळी उतरवत राहिला.

ही मुले कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या शाळांतून आठ-नऊ वर्षे शिकली आणि १८८१ मध्ये, शिक्षण अर्धवट असतानाच, सगळ्यांना एकदम परत बोलावले गेले. का, याचे प्रचलित उत्तर युंग यांच्या १९०९ च्या आत्मचरित्रातून आले आहे : वू झिदेंग नावाचा एक जुनाट, खुनशी अधिकारी देखरेखीला आला, त्याने पेकिंगला चहाड्या केल्या आणि सारे बुडाले. पुस्तक वाचनीय आहे. पण ते घटनेनंतर २८ वर्षांनी, हरलेल्या पक्षकाराने लिहिलेले आहे. वूच्या अहवालातला मजकूरही आपल्यापर्यंत बराचसा युंग यांच्याच शब्दांत पोचतो. तेव्हा तक्रार कोणी केली हे बाजूला ठेवून आधी ती खरी होती का, एवढेच तपासावे. त्यासाठी वूच्या बाजूच्या एकाही साक्षीदाराची गरज पडत नाही.

आरोप असे होते. मुले अभ्यासापेक्षा खेळात जास्त रमतात. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत आणि चर्चमध्ये जातात. वडीलधाऱ्यांपुढे लवत नाहीत. चिनी विसरत चालली आहेत. आणखी काही वर्षे राहिली तर ती चीनच्या उपयोगाची उरणार नाहीत.

याचे मूळ शाळेत नव्हते, मुलांच्या राहण्याच्या सोयीत होते. आत्मचरित्रात युंग सांगतात की अमेरिकेत उतरल्यावर ते कनेटिकटच्या शिक्षणमंडळाचे सचिव बर्डसी नॉर्थरॉप यांना भेटले, आणि मुलांना एका वसतिगृहात न ठेवता दोन-दोन, चार-चार करून घरोघरी ठेवावे असा सल्ला त्यांनी दिला. इंग्रजी लवकर यावे हा हेतू. सल्ला मानला गेला. झान तियानयू वेस्ट हेवनच्या नॉर्थरॉप आडनावाच्या दुसऱ्या एका शिक्षकाच्या घरी राहिला. हार्टफर्डला बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेतले शिक्षक बार्टलेट यांच्याकडे लियांग दुनयान आणि हुआंग काइजिया होते. घरात आई होती, बहिणी होत्या, जेवणापूर्वीची प्रार्थना होती. इंग्रजी आले. बाकीचेही आले.

यान फू ली हा दुसऱ्या तुकडीतला मुलगा. त्याचे बालपणीच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, म्हणजे आठवणी अजून ताज्या होत्या. स्प्रिंगफील्डला न्यायला आलेल्या बाईंनी त्याला जवळ घेऊन मुका घेतला तेव्हा बरोबरची मुले हसली, तो लाजून गेला, आणि कळत्या वयात आपल्याला मिळालेला हा पहिलाच मुका असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढचा प्रसंग रविवारचा. तयार व्हा म्हणताना यजमानांनी जे सांगितले त्यातले ‘स्कूल’ एवढेच पोरांना कळले. आत गेल्यावर हे तर चर्च आहे म्हणताच दोघे जे पळत सुटले ते थेट घरी, माळ्यावर. चीनमध्ये त्यांना याबाबत सावध केलेले होते. हाच ली पुढे ख्रिस्ती झाला. पळून गेलेला मुलगा आणि बाप्तिस्मा घेतलेला तरुण यांच्यामध्ये कोणी जबरदस्ती केल्याची नोंद त्याच्या पुस्तकात सापडत नाही. नुसती वर्षे गेली.

शाळेतले चित्र विल्यम लायन फेल्प्स यांनी दिले आहे. येलमधले हे प्रसिद्ध इंग्रजीचे प्राध्यापक लहानपणी हार्टफर्ड पब्लिक हायस्कूलमध्ये या मुलांबरोबर शिकले. त्यांचे आत्मचरित्र १९३९ चे, म्हणजे साठ वर्षांनंतरचे; त्यातल्या तारखांवर विसंबू नये, पण वर्गमित्रांबद्दल साठ वर्षे टिकलेले कौतुक हाही पुरावाच आहे. मुले आली तेव्हा लांब झग्यांत होती. थोड्याच दिवसांत वेणी सोडून सगळा पोशाख अमेरिकन झाला, आणि ती वेणीही खेळताना कॉलरखाली किंवा टोपीत दडवली जाई. बेसबॉल, फुटबॉल, बर्फावरचे स्केटिंग, सगळ्यांत ती पुढे. गडी निवडताना एका चिनी मुलाला सगळ्यांआधी मागून घेत. गावात सायकल आली तेव्हा शाळेत ती पहिल्यांदा आणली तीही एका चिनी मुलाने. नाचाच्या समारंभात सुंदर मुली याच पाहुण्यांना निवडत आणि गोरी पोरे भिंतीशी उभी राहत, हे फेल्प्स यांनी म्हातारपणीही मिस्कीलपणे, पण विसरता न आल्यासारखे नोंदवले आहे.

मुले अभ्यासात कच्ची होती असे मात्र नाही. १८७८ मध्ये हायस्कूलच्या निरोपसमारंभात लियांग दुनयानने ‘उत्तरेचे अस्वल’ या विषयावर भाषण करून रशियाची खरडपट्टी काढली. रशिया-तुर्कस्तान युद्ध नुकतेच संपले होते. भाषणाची वर्तमानपत्रांनी वाहवा केली. म्हणजे खेळात रमून अभ्यास बुडतो हा एक आरोप ढिला पडतो. पण हे भाषण वाचून पेकिंगच्या अधिकाऱ्याला आनंद व्हावा असेही काही नव्हते. आपला विद्यार्थी शास्त्रग्रंथ पाठ म्हणण्याऐवजी परक्यांच्या व्यासपीठावर परराष्ट्रधोरणावर बोलतो, हे त्याने कशात धरावे?

चिनी शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. बरोबर दोन चिनी शिक्षक होते आणि हार्टफर्डच्या कॉलिन्स स्ट्रीटवर योजनेच्या कचेरीची तीन मजली इमारत होती. तिथे आळीपाळीने येऊन मुलांनी चिनी ग्रंथ वाचायचे, निबंध लिहायचे, ठरल्या दिवशी बादशहाचा उपदेशग्रंथ ऐकायचा आणि पेकिंगच्या दिशेला नमस्कार घालायचा. मुलांनी आपसात त्या वास्तूला ‘नरकघर’ म्हणायला सुरुवात केली होती. बिचाऱ्या पंतोजींनी काय करावे? सुटीच्या दिवसांत बेसबॉलच्या मैदानावरून उठवून आणलेल्या पोरांना त्यांना कन्फ्यूशियस शिकवायचा होता.

या इमारतीबद्दल युंग एक गोष्ट सहज बोलून जातात, आणि माझ्या मते त्यांच्या पुस्तकातला तो सगळ्यांत मोलाचा कबुलीजबाब आहे. एवढी पक्की वास्तू बांधण्यामागे त्यांचा हेतू हा होता की योजना अमेरिकेत खोल रुजावी आणि सरकारला मागे फिरण्याची संधीच राहू नये. पेकिंगचा संशय अगदीच निराधार नव्हता, असे यावरून म्हणावे लागते. स्वतः युंग १८५२ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते आणि १८७५ मध्ये त्यांनी अमेरिकन स्त्रीशी लग्न केले. लग्न लावणारे पाद्री जोसेफ ट्विचेल हे योजनेचे हार्टफर्डमधले मोठे आधारस्तंभ.

तर वू खोटे बोलत नव्हता. त्याने जे पाहिले तेच यान फू ली, फेल्प्स आणि खुद्द युंग यांनी पाहिले. फक्त त्यांना ते यश वाटले. मग तक्रार खरी होती म्हणून योजना बुडाली का? तेवढ्यानेही नाही. १८८१ च्या जूनमध्ये परराष्ट्र कारभार पाहणाऱ्या खात्याने बादशहापुढे ठेवलेल्या अर्जात तीन मते दिसतात : वॉशिंग्टनमधले वकील चेन लानबिन यांना पूर्ण माघार हवी, युंग यांना काहीच नको, आणि ली होंगझांग म्हणतात अर्धी मुले आणा, अर्धी ठेवा. ली यांना मुळात आरमार आणि तोफखान्यासाठी माणसे हवी होती. १८६८ च्या बर्लिंगेम करारात चिनी विद्यार्थ्यांना सरकारी विद्यालये खुली ठेवण्याचे वचन असूनही वेस्ट पॉइंट आणि ॲनॅपोलिसची दारे बंद झाली, तेव्हा योजनेचा सर्वांत वजनदार पाठीराखा अर्धा गळाला. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध आगडोंब उसळला होताच. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांना बंदी करणारा कायदा झाला. वूच्या अहवालाने दार ढकलले, पण कडी अमेरिकेने काढून ठेवली होती.

वाचवण्याचे प्रयत्न झाले. डिसेंबर १८८० मध्ये ट्विचेल आणि मार्क ट्वेन न्यूयॉर्कला जाऊन माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटले आणि ग्रँट यांनी ली होंगझांग यांना पत्र लिहिले. येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर यांनी इतर शिक्षणतज्ज्ञांच्या सह्यांसह पेकिंगला निवेदन धाडले. त्यात मुलांच्या सभ्यपणाचे, त्यांनी अमेरिकन घरांत मिळवलेल्या प्रेमाचे भरभरून वर्णन आहे. पेकिंगमध्ये ते कसे वाचले गेले असेल, याचा अंदाज सही करणाऱ्यांना नसावा.

१८८१ च्या उत्तरार्धात सुमारे शंभर मुले परतली. सॅन फ्रान्सिस्कोला जहाजाची वाट पाहताना त्यांच्या बेसबॉल संघाने ओकलंडच्या संघाला हरवले, असे त्यांच्यापैकी वेन बिंगझोंग यांनी १९२३ मध्ये विद्यार्थ्यांपुढे सांगितले. उशिराची आणि एकाची साक्ष, पण अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. शांघायचे स्वागत हुआंगने जानेवारी १८८२ मध्ये बार्टलेट घराण्याला लिहिलेल्या पत्रात आहे. बंदरावर नातेवाईक नाहीत, शिपायांच्या पहाऱ्यात वरात, आणि ओलसर, कुबट, बंद पडलेल्या एका विद्यालयात काही दिवस कोंडून ठेवणे. पत्र इंग्रजीत आहे, उपहास चांगलाच जमलेला आहे.

तियानयू हा पदवी हाती घेऊन परतलेल्या दोघांपैकी एक. स्थापत्य शिकून आलेल्या या तरुणाला आरमारात घातले. रेल्वेचे काम मिळायला त्याला पुढे बरीच वर्षे लागली. १९०५ ते १९०९ मध्ये त्याने पेकिंग ते झांगजियाकोऊ हा लोहमार्ग परदेशी अभियंत्यांविना बांधला. त्यात डोंगर चढताना गाडी उलट दिशेने नेण्याची जी युक्ती आहे ती बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनमुळे आपल्याकडे ओळखीची होती. लियांग दुनयान परराष्ट्रमंत्री झाला. हार्टफर्डच्याच हायस्कूलचा तांग शाओयी १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान.

१९०९ मध्ये चीनने पुन्हा अमेरिकेला विद्यार्थी पाठवले, या खेपेस बॉक्सर बंडानंतर चीनकडून घेतलेल्या आणि अमेरिकेने परत केलेल्या खंडणीच्या पैशांतून. पहिल्या तुकडीत ४७ जण होते. यावेळी अकरा वर्षांचे कोणी नव्हते : चिनी आणि इंग्रजी दोन्हींत परीक्षा घेऊन, वयाने वाढलेली मुले निवडली होती. त्यांना घेऊन जाणारा अधिकारी तांग ग्वोआन हा १८७३ च्या तुकडीतला. पुढे जाणाऱ्यांची आधी मायदेशातच तयारी करून घेण्यासाठी पेकिंगला त्सिंग्हुआ ही शाळा निघाली, आणि १९१२ मध्ये तिचा मुख्याध्यापक हाच तांग झाला.