पद्मिनीच्या दाराचे कुलूप

औद्योगिक इतिहासात आम्हांला कारखाने भेटतात, दुरुस्ती करणारे हात क्वचितच भेटतात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातली फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या दाराचे कुलूप अडले की गॅरेजमधला मेस्त्री आतले पॅनेल काढी, किल्लीला खटक्याशी जोडणारी दांडी निखळली आहे की ग्रीस सुकले आहे हे पाही. रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरून, दार उघडे असतानाच किल्ली फिरवून खात्री करी.

उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले, तरी पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, ती अशा हातांच्या बळावर. जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवणाऱ्या आपल्या अभ्यासपरंपरेने ही हातांतली विद्याही वेळीच टिपून घ्यावी, असे आम्हांला वाटते.