जुन्या दुनळी बंदुकीची मूठ आणि तिच्यावरील जाळी : ओळख आणि जतन

पाटन (जबलपूर) – मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या वायव्येस असलेले पाटन हे तहसिलीचे गाव हिरव्या वाटाण्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. रानडुकरे आणि नीलगायींपासून पिके राखणाऱ्या अशा शेतीप्रधान भागात परवान्याची बारा बोअर दुनळी बंदूक ही पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेली वस्तू असते. वारसाहक्काने ती हाती आली की नळ्या आणि चाप तपासले जातात. लाकडी दस्त्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. काळवंडलेला दस्ता घासून, वॉर्निश लावून 'नवा' करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. या एका कृतीमुळे बंदुकीची ओळख सांगणारा मोठा पुरावा नाहीसा होतो आणि तिची पकडही सैल पडते.

नागपूर आणि जबलपूर ही शहरे १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्यामुळे विदर्भातील जुन्या मराठी घराण्यांकडील बंदुका आणि नर्मदाखोऱ्यातील बंदुका यांचा इतिहास बराचसा समान आहे.

बंदुका आल्या कोठून?

जबलपूर हे शस्त्रनिर्मितीचे केंद्र असून तोफांचे गाडे तयार करणारा तेथील सरकारी कारखाना १९०४ साली सुरू झाला. घरोघरी आढळणाऱ्या जुन्या दुनळी बंदुका मात्र प्रामुख्याने बाहेरून आल्या. त्यांतील अनेक इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे घडविलेल्या होत्या. कोलकात्यातील मँटन, आर. बी. रोडा यांसारख्या पेढ्या आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांच्यामार्फत त्या भारतात विकल्या गेल्या. अशा बंदुकीवर कोरलेले नाव अनेकदा विक्रेत्याचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे.

दुसरा मोठा गट बिहारमधील मुंगेरच्या बंदुकांचा आहे. मीर कासिमने १७६० च्या दशकात आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि तेथे शस्त्रशाळा उभारली. पुढे परवानाधारक खासगी कारखान्यांमुळे एकनळी आणि दुनळी बंदुकांसाठी मुंगेरचे नाव देशभर झाले.

मुठीचे तीन प्रकार

दस्त्याचा जो निमुळता भाग उजव्या हाताने धरला जातो, त्यास मूठ म्हणतात. जुन्या दुनळी बंदुकांत तिचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार सरळ मुठीचा. यालाच इंग्लिश मूठ असेही म्हणतात. चापाच्या कड्यापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंत खालची रेषा अखंड जाते. ही रचना केवळ शोभेसाठी नाही. पारंपरिक दुनळी बंदुकीला दोन चाप असतात. पुढील चापाने बहुधा उजवी आणि मागील चापाने डावी नळी सुटते. पहिल्या बारानंतर बोट मागच्या चापावर नेताना संपूर्ण हात किंचित मागे सरकावा लागतो. सरळ मुठीवर तो अडथळ्याविना सरकतो. शिवाय दोन्ही हात जवळपास एकाच रेषेत, नळ्यांना समांतर राहतात. उडत्या पक्ष्यावर नेम धरताना याचा उपयोग होतो.

दुसरा प्रकार पूर्ण पिस्तुली मुठीचा. यात मूठ खाली वळते आणि तिच्या टोकाला शिंग, धातू किंवा कडक रबराची टोपी बसविलेली असते. या मुठीमुळे हात एका जागी पक्का राहतो आणि बंदूक खांद्याशी घट्ट ओढून धरता येते. साहजिकच जोराचा धक्का देणाऱ्या शिकारी रायफलींना आणि एक चाप असलेल्या बंदुकांना ती सोयीची ठरली. काही दुनळी रायफलींच्या टोपीत झाकणाखाली जादा माशी ठेवण्याची जागा असे. पार्कर, एल. सी. स्मिथ, फॉक्स अशा अमेरिकी दुनळी बंदुकांवर पिस्तुली मूठ वारंवार दिसते.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. त्यात वळण उथळ असते, टोक गोलसर असते आणि सहसा टोपी नसते. यालाच अर्धपिस्तुली मूठ म्हणतात. तिच्या गोल टोकाच्या एका रूपाला 'प्रिन्स ऑफ वेल्स' असे नाव आहे. पकड आणि हाताची हालचाल या दोन्ही गरजांमधील ही तडजोड होय.

केवळ मुठीवरून बंदुकीचे वय ठरविता येत नाही, कारण ग्राहकाच्या मागणीनुसार मूठ बदलत असे. बाहेर घोडे आहेत की आत, हेही पाहावे लागते. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अॅन्सन आणि डीली यांनी आत घोडे असलेल्या यंत्रणेचे पेटंट १८७५ साली घेतले. त्यानंतर बिनघोड्याच्या बंदुका झपाट्याने पसरल्या. बाहेर घोडे असलेल्या बंदुकाही पुढे बराच काळ बनत राहिल्या.

जाळी कशी कोरली जाते?

मुठीवर आणि नळ्यांखालील लाकडावर बारीक रेघांची जी जाळी दिसते, तिला कारागीर 'चेकरिंग' म्हणतात. समांतर खाचांचे दोन संच एकमेकांना तिरपे छेदतात आणि त्यांतून शंकरपाळ्यासारखे टोकदार उंचवटे तयार होतात. उंचवट्याची लांबी रुंदीच्या सुमारे तीन ते साडेतीन पट असणे चांगले मानले जाते. घामाने किंवा पावसाने ओला झालेला हात घसरू नये, हा या जाळीचा मूळ हेतू.

प्रथम एकमेकांना छेदणाऱ्या दोन मुख्य रेघा आखल्या जातात. त्यानंतर दातांच्या दोन ओळी असलेले हत्यार वापरतात. एक ओळ आधीच्या खाचेत धावते आणि दुसरी ओळ तेवढ्याच अंतरावर नवी खाच पाडते. सर्व रेघा पूर्ण झाल्यावर एकेरी हत्याराने त्या टप्प्याटप्प्याने खोल केल्या जातात. पहिल्या रेघेतील केसभर चूक शेवटच्या रेघेपर्यंत वाढत जाते. म्हणूनच या कामात घाई चालत नाही.

जाळीचा बारीकपणा एका इंचातील रेघांवरून मोजतात. साध्या कामात १६ ते २०, चांगल्या कामात २२ ते २४ आणि अतिशय नाजूक कामात २६ ते ३२ रेघा असतात. बारीक जाळी पेलण्यास घट्ट कणाचे लाकूड लागते. मऊ लाकडात उंचवट्यांची टोके तुटून जातात. म्हणून उत्तम दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड सर्वाधिक पसंत केले गेले. भारतात काश्मीर हा त्याचा प्रमुख स्रोत आहे.

हातकाम ओळखण्याच्या खुणा

जाळीच्या कडेकडे पाहिल्यास कारागिराचे कसब कळते. रेघा कडेवर नेमक्या थांबल्या असतील तर हात तयार होता. त्या कडेबाहेर गेल्या असतील तर काम घाईचे किंवा शिकाऊ हाताचे. जाळीभोवतीची रुंद गोलसर किनार कधीकधी अशा चुका झाकण्यासाठीही कोरली जाई. जुन्या इंग्लिश कामात सपाट माथ्याचे उंचवटेही आढळतात. ती झीज आहे असे समजून पुन्हा टोकदार कोरणे चुकीचे ठरते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांनी खर्च वाचविण्यासाठी तप्त साच्याने दाबलेली जाळी वापरण्यास सुरुवात केली. तिच्यात उंचवट्यांऐवजी खळगे दिसतात आणि पकडही कमी मिळते. त्यामुळे अशी जाळी असलेला दस्ता एकोणिसाव्या शतकातील बंदुकीवर आढळल्यास तो नंतर बदललेला आहे, असे समजावे.

घासलेला दस्ता ओळखण्याची खूण सोपी आहे. मूळ दस्त्यात लाकूड धातूच्या पातळीला किंवा किंचित वर असते. ते धातूपेक्षा खाली गेले असेल तर पॉलिश पेपर फिरला आहे, हे निश्चित.

जतन कसे करावे?

जाळीत साचलेला मळ मऊ ब्रशने हलकेच काढावा. तेथे जाड वॉर्निश लावू नये. ते खाचांत भरून जाळी निकामी करते. जवसाचे तेल अगदी थोडे, ब्रशने लावणे पुरेसे असते. झिजलेली जाळी जुन्याच खाचांचा माग धरून कुशल कारागिराला पुन्हा उठविता येते. पूर्ण घासून टाकलेल्या जाळीला मात्र असा माग उरत नाही.

मूठ हा दस्त्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. लाकडाचे तंतू तेथे सरळ गेलेले असावेत. तिरपे असल्यास भेग पडण्याची शक्यता वाढते. यंत्रणेतील तेल झिरपून मुठीचे लाकूड काळे आणि मऊ होते. त्यामुळे तेल दिल्यानंतर बंदूक काही काळ नळ्या खाली करून ठेवण्याची रीत आहे. मुठीत भेग दिसल्यास त्या बंदुकीने बार काढू नये.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्तीचा व्यवसाय करण्यास परवाना आवश्यक आहे. त्यामुळे बंदूक केवळ परवानाधारक कारागिराकडेच द्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि ही मर्यादा वारशाने आलेल्या बंदुकांनाही लागू आहे. मूळ परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचे पर्व संपले. आज या बंदुकांचे मोल पीकरक्षण, आत्मसंरक्षण आणि कौटुंबिक ठेवा एवढ्यापुरते उरले आहे.

बंदूक जमा करण्यापूर्वी किंवा दुरुस्तीस देण्यापूर्वी मुठीचा प्रकार, जाळीतील रेघांची संख्या, तिची कड, टोपीवरील चिन्ह आणि नळ्यांवरील क्रमांक यांची छायाचित्रांसह नोंद करून ठेवावी. दस्ता पुढे बदलला गेला तरी बंदूक मुळात कशी होती, हे त्या नोंदीवरून सांगता येईल.